गादी जिवंताची, हक्क मेलेल्यांचा: माया राजघराण्यांतले पूर्वज आणि सत्ता

शमीवृक्ष (धागालेखिका)

पालेंकेच्या पाकाल राजाची दगडी शवपेटी म्हटली की सगळ्यांना तिचं झाकण आठवतं. मला लिहायचंय ते त्या पेटीच्या बाजूंबद्दल. मेक्सिको-ग्वातेमालाकडच्या प्राचीन माया समाजात नाती, पूर्वज आणि राजसत्ता एकमेकांत किती घट्ट विणलेली होती, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पालेंके मेक्सिकोच्या चियापास राज्यात आहे. तिथल्या ‘शिलालेखांच्या मंदिरा’त १९४९ च्या सुमारास आल्बेर्तो रुझ या पुरातत्त्वज्ञाचं लक्ष जमिनीतल्या एका मोठ्या फरशीकडे गेलं. तिला भोकं पाडलेली होती. फरशी उचलली तर खाली जिना निघाला, तोही दगडमातीने ठासून भरलेला. तो उपसता उपसता चार हंगाम गेले आणि जून १९५२ मध्ये रुझ खालच्या दालनात पोचले. पेटी इतकी अवजड की ती जिन्याने उतरवणं शक्यच नव्हतं. आधी पेटी बसवली आणि मग तिच्याभोवती मंदिर उभं केलं.

पेटीच्या चार बाजूंवर मिळून दहा आकृत्या आहेत. तडकलेल्या जमिनीतून प्रत्येकजण कंबरेपर्यंत वर आलाय आणि प्रत्येकाच्या मागे फळांनी लगडलेलं एकेक झाड आहे: कोको, आवोकाडो, पेरू, सपोटे. शेजारी नावं कोरली आहेत. हे सगळे पाकालचे पूर्वज. राजाच्या डोक्याशी आई-वडील, पायाशी पुन्हा आई-वडील. आई साक कुक कोकोच्या झाडासोबत उगवते. योहल इकनाल ही आधीच्या पिढीतली राणीही दोनदा येते. बाकीचे चौघे एकेकदाच.

दोनदा येण्याचा मान या तिघांनाच का?

पालेंकेचा त्याआधीचा काळ फार वाईट गेला होता. योहल इकनालने इ.स. ५८३ ते ६०४ असं स्वतः राज्य केलं. तिच्याच कारकिर्दीत, ५९९ मध्ये, कानुल म्हणजे नागचिन्हाच्या घराण्याने पालेंकेवर हल्ला केला. ६११ मध्ये पुन्हा केला. ६१२ मध्ये राजा आणि राजघराण्यातला आणखी एक वडीलधारा पुरुष काही महिन्यांच्या अंतराने गेले. त्या वर्षांबद्दल मंदिरातल्या लेखात विलापासारखी ओळ आहे: देवी हरवली, राजा हरवला. आणि ६१५ मध्ये बारा वर्षांचा पाकाल गादीवर बसला. त्याचे वडील कान मो हिश कधीच राजे नव्हते. पालेंकेच्या गादीशी त्याला जोडणारा धागा आईच्या हातात होता.

म्हणूनच राजवाड्यातली ती लंबगोल शिळा मला इतकी महत्त्वाची वाटते. दुतोंडी जॅग्वारच्या आसनावर पाकाल बसलाय, समोर आई बसून त्याला मुकुट देतेय. तिचं नाव स्पष्ट कोरलंय. वडील चित्रात नाहीतच. ही शिळा राज्यारोहणाच्या वेळी कोरलेली नाही. त्यानंतर काही दशकांनी, राजा स्थिरावल्यावर, आईचं निधन झाल्यावर कोरली गेली. म्हणजे इतक्या वर्षांनीही ‘मला हा मुकुट कुणी दिला’ हे दगडावर सांगावं लागत होतं.

पाकालचा मुलगा कान बहलाम तर आणखी पुढे गेला. ६९२ च्या सुमारास त्याने तीन मंदिरं उभारली आणि त्यांतल्या लेखांमधून पालेंकेच्या तीन कुलदैवतांची जन्मकथा थेट हजारो वर्षांमागे नेली. त्या देवांना जन्म देणाऱ्या आदिदेवतेचं नाव मुवान मात. आणि ६१२ ते ६१५ या मधल्या काळात गादीवर जी व्यक्ती नोंदली आहे, तिचंही नाव मुवान मातच. साक कुकनेच ते नाव धारण केलं होतं असं काही अभ्यासक मानतात, काहींना ते मान्य नाही. पण राजाची आजी आणि देवांची जननी वाचणाऱ्याच्या मनात एकमेकींशेजारी येऊन बसतात, हे तर खरंच.

दुसरं उदाहरण उसुमासिंता नदीकाठच्या याशचिलानचं. इत्सम्नाह बहलाम तिसरा ६८१ ते ७४२ इतकी वर्षं राजा होता. त्याची पट्टराणी काबाल शोक. तिच्या नावाचं अख्खं मंदिर आहे. राजा गेला आणि दहा वर्षं याशचिलानच्या स्वतःच्या लेखांत राजाच नाही! ७५२ मध्ये याशुन बहलाम चौथा गादीवर आला. तो दुसऱ्या एका राणीचा मुलगा. ती राणी कालाकमुलकडची, म्हणजे कानुल घराण्याच्या शहराकडची, आणि नवऱ्याच्या हयातीत कोरलेल्या एकाही दगडावर तिचं नाव नाही. मुलगा राजा झाल्यावर मात्र ती शिलास्तंभांवर येते, जीभ टोचून रक्त अर्पण करताना दिसते, पट्टराणीच्या तोडीस तोड. एका स्तंभावर याशुन बहलाम वडिलांच्या हयातीतच त्यांच्यासमोर उभा राहून विधी करतोय असं दाखवलंय, ती तारीख वडिलांच्या मृत्यूच्या वर्षभर आधीची. गंमतीची नव्हे, गंभीर बाब अशी की त्या मधल्या दहा वर्षांत याशचिलानला योपात बहलाम नावाचा राजा होता हे आपल्याला शेजारच्या पिएद्रास नेग्रासच्या लेखातून कळतं. याशचिलानने त्याची नोंद ठेवली नाही.

तिसरं कोपान, होंडुरासमध्ये. ७७६ मध्ये सोळावा राजा याश पासाह याने एक चौकोनी वेदी करवली. चार बाजू, प्रत्येकीवर चार राजे, बहुतेकजण आपापल्या नावाच्या चिन्हावर बसलेले. पहिला राजा याश कुक मो आपल्या हातातली वस्तू थेट सोळाव्याला देतोय. मधे साडेतीनशे वर्षं आहेत. वेदीजवळच्या एका खड्ड्यात मार्जारकुळातल्या १५ मोठ्या प्राण्यांची हाडं मिळाली, प्रत्येक आधीच्या राजासाठी एक. हे सगळं त्या राजाने का करावं? त्याच्या आधी ७३८ मध्ये कोपानच्या तेराव्या राजाचं शीर त्याच्याच मांडलिकाने, किरिगुआच्या राजाने, उडवलं होतं. शिवाय याश पासाहची आई पालेंकेची असल्याचं लेखात आहे, पण तो आधीच्या राजाचा मुलगा आहे असं तो कुठेच म्हणत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्याचा हक्क डळमळीत, त्याच्या दगडांवर पूर्वजांची गर्दी. वंश बापाकडून मुलाकडे जातो ही वरवरची रीत, आणि ती तुटली की आई, आजी, आदिदेवता, साडेतीन शतकांपूर्वीचा संस्थापक असे सगळे मदतीला बोलावले जातात. तुम्हाला हे पटतं का? ज्यांनी या विषयावर वाचलंय त्यांनी जरूर लिहावं.


मंदार_७

अतिशय सुंदर लेख. वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न विचारतो: शाळेत असताना कुठेतरी वाचलं होतं की त्या झाकणावर राजा अवकाशयान चालवतोय. त्याचं काय?


शमीवृक्ष

मंदार, हा प्रश्न येणारच होता, बरं झालं विचारलात. झाकण आडवं धरलं तर यानासारखं दिसतं. ते उभं बघायचं असतं. उभं धरल्यावर दिसतं की राजा पाताळाच्या उघड्या जबड्यावर मागे रेलला आहे आणि त्याच्यामागून विश्ववृक्ष वर जातोय, शेंड्यावर पक्षी बसलाय. असाच वृक्ष त्याच्या मुलाच्या मंदिरातही कोरलाय. झाकणाच्या कडेने पूर्वजांच्या मृत्यूच्या तारखा आहेत. खाली पूर्वज फळझाडांसारखे उगवतायत आणि वर राजा त्याच वाटेने जातोय. बाजूंशिवाय झाकण वाचलं की अर्थ निसटतो. या लोकांनी आपल्या मेलेल्यांविषयी इतकं सविस्तर लिहून ठेवलं असताना त्याऐवजी यंत्राची गोष्ट सांगितली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.


निशिगंध

मी लंडनला राहते. काबाल शोकच्या मंदिरातल्या लिंटलपैकी, म्हणजे दारांवरच्या कोरीव दगडी तुळयांपैकी, दोन इथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८८० च्या दशकात आल्फ्रेड मॉडस्ले तिथे गेला होता, त्यानंतर ती इकडे आली. इकडच्या मराठी मंडळींनी जरूर जावं, प्रवेश मोफत आहे.

फोटोत जे कळत नाही ते सांगते. पहिल्या लिंटलवर राजा मोठी मशाल धरून उभा आहे आणि राणी गुडघ्यांवर बसून जिभेतून दोर ओढतेय. दोरात काटे ओवलेत. प्रत्येक काटा सुटा कोरलेला आहे. दोराचं टोक खाली टोपलीत, रक्ताचे शिंतोडे उडालेल्या कागदांवर जाऊन पडतं. तिच्या वस्त्राची नक्षी इतकी बारीक आहे की काठाची वीण वेगळी आणि अंगाची वीण वेगळी हे कळतं. गालावर रक्ताच्या गोलसर खुणा. चेहरा मात्र शांत. दुसऱ्या लिंटलवर त्याच रक्ताच्या धुरातून प्रचंड साप उठतो आणि त्याच्या जबड्यातून भालाधारी योद्धा बाहेर येतो. राणी मान वर करून त्याच्याकडे बघतेय. यातला लेख आरशात दिसावा तसा उलटा कोरलाय.

तो योद्धा कोण यावर वाद आहेत. घराण्याचा संस्थापक असं पूर्वी सर्रास म्हटलं जायचं, आता दुसरेही अर्थ लावले जातात. पण पूर्वजाला किंवा देवाला भेटायचं तर रक्त द्यावं लागतं, आणि ते देणारी इथे राणी आहे. मूळ लेखात ‘वंश बापाकडून’ असं आहे, त्यात एवढी भर घालावीशी वाटते: पूर्वजांना बोलावण्याचं काम या दगडांवर बाईकडे आहे. दुसऱ्या लिंटलवरची तारीख राजाच्या राज्यारोहणाची, ६८१ ची आहे हे विसरू नका.


धनेश्वर

लेख आवडला, पण मुख्य मुद्दा पटला नाही. सविस्तर लिहितो.

एक. ज्यांचा हक्क भक्कम होता तेही पूर्वज कोरतच होते. ते नेहमीचंच होतं म्हणून आपण त्याकडे लक्ष देत नाही. डळमळीत राजांची गोष्ट रंजक असते, म्हणून तीच लिहिली जाते.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. पूर्वज ही राजांनी शोधून काढलेली युक्ती नव्हती. बेलीझमध्ये काशोब नावाचं साधं खेडं उत्खननात निघालंय. ख्रिस्तपूर्व काळापासून तिथे माणूस गेला की घराच्या जमिनीखाली पुरायचे, वरून चुन्याची नवी जमीन करायचे आणि त्यावरच राहायचे. पिढ्यान्पिढ्या घर त्याच जागी उंच होत जायचं. तिकाल या ग्वातेमालातल्या मोठ्या माया शहराच्या परिसरात साध्या वस्त्यांमधून अंगणाच्या पूर्वेला एक छोटं देवघरवजा बांधकाम सापडतं आणि त्याखाली घरातल्या मोठ्या माणसांची दफनं असतात. राजवाडा नाही, शिलालेख नाही, तरीही पूर्वेला पूर्वज आहेत.

असं का? कारण जमीन. माया प्रदेशात शेत काही वर्षं कसून मग पडीक ठेवायचं असे. मग कुठलं रान कुणाचं हे कोण ठरवणार? ज्याचा आजा तिथे पुरलाय त्याचं. घराभोवतीच्या फळझाडांचंही तसंच, ती लावणारा एक आणि खाणारी त्याची नातवंडं. आता पाकालच्या पेटीकडे पुन्हा बघा. पूर्वज फळझाडं होऊन उगवतायत, म्हणजे ती वारशाची बाग आहे. कुठल्याही शेतकऱ्याला ती पाहताक्षणी कळली असती.

राजाने एवढंच केलं की शेतकऱ्याच्या ओट्याखाली जे होतं ते सत्तर-ऐंशी फूट उंच केलं. हक्क डळमळीत असो की भक्कम, भाषा आधीपासून सगळ्यांची होती. ती सगळ्यांना समजत होती म्हणूनच ती राजाला उपयोगी पडली.


शमीवृक्ष

धनेश्वर, बागेचा मुद्दा फार आवडला, तो मूळ लेखात हवा होता. घरातली प्रथा आधी आणि राजाचं मंदिर नंतर हा क्रम मलाही मान्य आहे.

पण पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. तिकालचा ४४५ चा शिलास्तंभ बघा, सियाह चान काविल राजाचा. त्याच्या आजोबांचा, म्हणजे तेओतिवाकान या मध्य मेक्सिकोतल्या परक्या महानगराशी जोडलेल्या एका बड्या सत्ताधीशाचा, सरदार सियाह काक ३७८ च्या जानेवारीत तिकालला आला आणि त्याच दिवशी तिकालचा जुना राजा मेला. मग त्या सत्ताधीशाचा मुलगा याश नून अहीन गादीवर बसला. त्याचा हा मुलगा. स्तंभावर तो स्वतः जुन्या माया राजासारखा नटलाय, दागिन्यांनी झाकून गेलाय. डाव्या-उजव्या बाजूंना दोनदा त्याचे वडील, दोन्हीकडे परक्या योद्ध्याच्या वेशात, हातात भालाफेकीचं साधन. वर आकाशात तेच वडील सूर्यरूपात. एका दगडावर एक बाप तीनदा, तोही असा की मुलगा इथला आणि बाप तिकडचा हे लपवलेलं नाही, उलट दोन्हीचा हक्क सांगितलाय. आई बहुधा तिकालच्या जुन्या घराण्यातली असावी. इतकी काळजीपूर्वक मांडणी निवांत बसलेला राजा करत नाही.


रेवाकाठ

एक शंका. बाप-मुलगा-नातू ही सरळ रांग आपण गृहीत धरतोय. माया लोकांत आपल्या गोत्रासारखं काही होतं का? एकाच कुळात लग्न चालायचं?


धनेश्वर

सोळाव्या शतकातल्या युकातानबद्दल (मेक्सिकोतलं माया लोकांचं द्वीपकल्प) दिएगो दे लांदा या पाद्र्याने लिहून ठेवलंय की बापाकडून येणारं आडनाव एक असेल तर लग्न करणं तिथे निंद्य मानत. (याच लांदाने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्या जाळल्या. आपल्याला एवढं सांगणारा आणि एवढं नष्ट करणारा माणूस एकच, हे वाचताना दर वेळी सलतं.) पण त्याच युकातानात माणूस आईकडचं नावही लावायचा, आणि खानदानी म्हणवून घ्यायला दोन्हीकडची नावं लागत.

हजार वर्षं आधीच्या पालेंकेला हे जसंच्या तसं लावता येत नाही. जुन्या लेखांतही ‘अमक्या बापाचं मूल’ आणि ‘अमक्या आईचं मूल’ यांसाठी वेगवेगळी चिन्हं आहेत आणि राजे दोन्ही लिहितात. अलीकडे सुसन गिलेस्पी यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी असं मांडलं की माया घराण्यांना निव्वळ रक्ताचा वंश न समजता ‘घर’ समजावं: वास्तू, जमीन, नावं, मान, देव आणि मेलेले, या सगळ्यांची सामायिक मालमत्ता. ती टिकवायची असते, मग वारस मुलाकडून येवो, मुलीकडून येवो किंवा लग्नाने येवो. त्या चष्म्यातून पाकालचं आईकडून गादीवर येणं अपवाद उरत नाही.


शमीवृक्ष

पालेंकेतलंच पुढचं उदाहरण यात बसतं. कान बहलामनंतर ७०२ मध्ये त्याचा भाऊ राजा झाला. ७११ मध्ये तो शेजारच्या तोनिना राज्याच्या हाती सापडला. ७२१ मध्ये गादी पुतण्याकडे, म्हणजे कधीही राज्य न केलेल्या तिसऱ्या भावाच्या मुलाकडे गेली. रांग सरळ नाही, पण ‘घर’ तेच.


सायली_द

बायकांबद्दल निशिगंध यांनी लिहिलं ते विधींपुरतं झालं. राजकारणात तर त्या उघड आहेत. कानुल घराण्याने ला कोरोना या आडबाजूच्या छोट्या गावात ५२०, ६७९ आणि ७२१ मध्ये अशा तीन राजकन्या सुना म्हणून पाठवल्या आणि त्या तिन्ही आगमनांची नोंद एकाच शिळेवर आहे. एवढ्याशा गावावर एवढा जीव का? कारण कानुलची दक्षिणेकडची वाट तिथून जायची. एल पेरू-वाका इथली काबेल राणी त्याच घराण्यातली. तिला जो ‘कालोमते’ किताब होता तो तिच्या राजा असलेल्या नवऱ्याच्या वरचा. २०१२ मध्ये सापडलेल्या थडग्यातल्या एका छोट्या दगडी कुपीवर तिचं नाव मिळालं, त्यावरून ते थडगं तिचं असावं असं मानतात.

पण मला सर्वांत भावते ती नारांहोची ‘सहा आकाश’ राणी. दोस पिलासच्या राजाची मुलगी. ६८२ मध्ये ती नारांहोला आली, तेव्हा तिथलं राजघराणं युद्धात मोडून पडलेलं होतं. ६८८ मध्ये मुलगा झाला. ६९३ मध्ये पाच वर्षांच्या त्या मुलाला तिने गादीवर बसवलं. पुढे शिलास्तंभावर ती स्वतः बंदिवानाच्या अंगावर पाय देऊन उभी आहे, राजे उभे राहतात तशी. तिचा स्वतःचा राज्याभिषेक कधी झाला नाही. मुलाच्या बापाचं नाव मात्र लेखांत शोधावं लागतं. शमीवृक्षताईंचा मुद्दा इथे अगदी फिट्ट बसतो.


मंदार_७

हे सगळं वाचता कसं येतं? म्हणजे ही चिन्हं म्हणजे फक्त पंचांग आणि खगोल असं वाचल्याचं आठवतं.


निशिगंध

१९५० पर्यंत तसंच समजत होते. तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांनी पिएद्रास नेग्रासचे शिलास्तंभ गटागटाने मांडले आणि त्यांच्या लक्षात आलं की एका गटातल्या तारखा माणसाच्या एका आयुष्यात मावतील एवढ्याच असतात. पहिली खूण जन्माची, दुसरी गादीवर बसण्याची. १९६० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि दगडांवरचे ‘देव’ एकदम माणसं झाले. बायका बायका म्हणून ओळखू आल्या त्याही तेव्हाच. आधी त्या लांब वस्त्रांतल्या आकृत्यांना पुरोहित म्हणत. पालेंकेची राजावली १९७३ मध्ये तिथल्याच एका परिषदेत लिंडा शेले, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी बसून लावली.


अभ्यंकर_वाचक

पाकाल ऐंशी वर्षांचा होता हे हाडांवरून खोटं ठरलं होतं ना? तसं असेल तर अख्खी वंशावळच संशयास्पद होते.


शमीवृक्ष

पहिल्या तपासणीत वय चाळीस ते पन्नास सांगितलं गेलं होतं आणि त्यावरून मोठा वाद झाला, हे बरोबर. नंतर नव्या पद्धतींनी तीच हाडं पुन्हा तपासली, तेव्हा ती बऱ्याच वयस्कर माणसाची निघाली. लेख सांगतो ते ६०३ ते ६८३ हे आयुष्य त्यात बसतं. शेजारच्या मंदिरात १९९४ मध्ये हिंगुळाने लाल झालेल्या एका राणीचं थडगं मिळालं. ती पाकालची आई असेल असंही सुरुवातीला वाटलं होतं. जनुकीय तपासणीत दोघांचं रक्ताचं नातं आढळलं नाही, म्हणून आता ती त्याची बायको त्साकबू अहाव मानली जाते. वंशावळीत राजे सोयीचं तेवढं सांगतात, पण तारखा बनावट असल्याचं सहसा दिसत नाही.


धनेश्वर

कोपानबद्दल थोडं राहिलंय. याश पासाहच्या काळात पूर्वजांवर फक्त राजाचा मक्ता उरला नव्हता. राजवाड्यापासून थोड्या अंतरावर सेपुल्तुरास म्हणून वस्ती आहे. तिथल्या एका लेखनिक घराण्याच्या वाड्यात कोरीव लेख असलेलं दगडी आसन मिळालं, दर्शनी भिंतीवर शंखाची दौत घेतलेले लेखनिक. त्या घरच्या माणसाने स्वतःच्या आई-बापांची नावं दगडावर घातली आहेत. आधी हा मान राजाचा असे. म्हणजे सरदारांची घरं आपले पूर्वज घेऊन पुढे येत होती आणि राजाला त्यांना सांभाळून घ्यावं लागत होतं.

आणि शेवट काय झाला? ८२२ मध्ये उकित तोक नावाच्या माणसाने त्या प्रसिद्ध वेदीची नक्कल करायला घेतली. एका बाजूवर तो स्वतः याश पासाहसमोर बसलाय, सोळावा राजा सतराव्याला मान्यता देतोय असं. बाकीचं काम अर्धवट आहे. कारागिराने हात घातलेला आणि मग सोडून दिलेला दगड आहे तो. त्यानंतर कोपानमध्ये एकाही राजाची नोंद नाही. पूर्वज होते, कोरायची रीत ठाऊक होती, पण पाठीशी उभं राहणारी घरं उरली नव्हती. माझ्या मते तुमच्या मांडणीत ही बाजू यायला हवी: पूर्वजांचा हक्क सांगणं एक आणि तो ऐकून घेणारं कुणी असणं वेगळं.


शमीवृक्ष

हे मात्र मी मान्य करते. ‘डळमळीत हक्क म्हणजे जास्त पूर्वज’ एवढ्याने काम भागत नाही. ते पूर्वज सरदारांनी आणि शेतकऱ्यांनी आपलेही मानले पाहिजेत.


रेवाकाठ

आणि स्पॅनिश आल्यावर? हे सगळं संपलं?


धनेश्वर

अजिबात नाही. लांदानेच कोकोम घराण्याबद्दल लिहिलंय: त्यांच्यातला कुणी मोठा माणूस गेला की शीर वेगळं करून शिजवायचे, मांस काढून कवटीचा मागचा भाग कापायचे आणि पुढच्या भागावर डांबरासारख्या लुकणाने हुबेहूब चेहरा घडवायचे. मग ती मुखं घरातल्या देवांशेजारी ठेवून सणावारी नैवेद्य दाखवायचे. हेच कोकोम मायापान शहरावर राज्य करायचे आणि १४४१ च्या सुमारास शिउ घराण्याने त्यांची कत्तल केली. एक मुलगा व्यापारासाठी बाहेरगावी होता म्हणून वाचला. वैर विसरलं गेलं नाही. १५३६ मध्ये शिउ मंडळी यात्रेला निघाली असताना त्या मुलाच्या वंशजांनी त्यांना घरी बोलावून मारलं.

शिउंनी पुढे स्पॅनिश दरबारात आपलं खानदान सिद्ध करायला वंशवृक्ष रंगवून घेतला. मूळपुरुष खाली आडवा आहे, त्याच्या अंगातून झाड निघतंय आणि फांद्यांवर नावं आहेत. युरोपीय पद्धतीचा वंशवृक्षही तसाच असतो हे खरं, पण पाकालची पेटी पाहिलेल्याला त्यात नवीन काहीच वाटणार नाही. त्या कागदांच्या जोरावर शिउंनी करमाफी आणि सरदारकीचे हक्क पुढे अनेक पिढ्या टिकवले.


सायली_द

अवांतर: सपोटे म्हणजे आपल्या चिकूच्याच कुळातलं झाड ना? डहाणू-घोलवडच्या बागा डोळ्यांसमोर आल्या.


शमीवृक्ष

हो. चिकू आणि पेरू दोन्ही मूळचे तिकडचे, युरोपीय जहाजांतून इकडे आले.

धनेश्वर यांच्या ‘ऐकून घेणारं कुणी’ या मुद्द्यावर एक भर घालते. पिएद्रास नेग्रासचा चौथा राजा ७५७ मध्ये वारला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ७८२ मध्ये, सातव्या राजाने त्याचं थडगं उघडून आत अग्निविधी केला असं तिथल्या शिळेवर लिहिलंय. १९९७ मध्ये उत्खननात ते थडगं सापडलं: हाडं जळालेली, काही हाडं तर जागेवरच नाहीत. लेख आणि जमीन इतके जुळण्याची वेळ फार क्वचित येते. आणि ही शिळाही खरं तर एका दरबाराचंच चित्र आहे. चौथा राजा आसनावर आहे, समोर त्याचे सरदार ओळीने बसलेत, एका बाजूला याशचिलानचे पाहुणे उभे आहेत. याशचिलानने गाळलेल्या राजाचा उल्लेख आहे तो याच लेखात. सातव्या राजाने पूर्वजाची आठवण काढताना तो पूर्वज कुणाकुणाला आपल्या दरबारात बोलावू शकत होता तेही कोरून ठेवलं. ही शिळा ग्वातेमालाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दोस पिलासच्या राजाने तिकालच्या आपल्याच भावाविरुद्ध केलेल्या युद्धावर वेगळा धागा काढते. तिथल्या जिन्यावरच्या लेखाचा मोठा भाग २००१ च्या वादळात झाड उन्मळून पडल्यावर उघडा पडला, आणि त्यात नात्यांचा गुंता इथल्यापेक्षाही जास्त आहे.